इंजिनापासून रस्त्यापर्यंत : शक्तीचा प्रवास

१९६२ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या २ तारखेस इंग्लंडहून एक मोटार विमानाने अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराकडे रवाना झाली. या मोटारीस चाके होती, पोलादी नळ्यांचा सांगाडा होता, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे सुबक अंगही होते. नव्हते ते फक्त इंजिन आणि गिअरपेटी. ती पोहोचल्यावर कॅरोल शेल्बी या निवृत्त शर्यतपटूने व त्याच्या सहकाऱ्यांनी शहराजवळच्या सांता फे स्प्रिंग्ज या गावातील एका लहानशा कारखान्यात तीत फोर्ड कंपनीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले. हे काम आठ तासांच्या आत उरकले आणि मोटार रस्त्यावर धावू लागली. पुढे 'कोब्रा' या नावाने जगद्विख्यात झालेली मोटार ती हीच.

ही हकीकत मोटारींच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली जाते. परंतु तिचा दुसरा भाग तितक्या अगत्याने सांगितला जात नाही. इंजिन बसविण्यास आठ तास पुरले. मात्र त्या इंजिनाचे बळ मागील चाकांमार्फत रस्त्यापर्यंत सुखरूप पोहोचावे यासाठी जे फेरफार करावे लागले, त्यांचा आरंभ मोटार विमानात चढण्यापूर्वीच झाला होता आणि त्यांचा शेवट १९६५ साली झाला. आठ तास आणि तीन वर्षे या दोन कालावधींमधील अंतरातच या विषयाचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

पूर्वी विहिरीवर मोट चालत असे. एका बैलजोडीच्या जागी दोन जोड्या जुंपल्या, तर पाणी दुप्पट निघेल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु नाडा जुनाच असेल तर तो तुटतो. नाडा नवा घातला तर चाकाचा कणा मोडतो. कणा बदलला तर ज्या खांबांवर तो टेकलेला असतो ते खांब हलू लागतात. बळ वाढविणे सोपे. ते वाहून नेणे अवघड. मोटारीची गोष्ट याहून निराळी नाही.

मूळ मोटार व तिचे इंजिन

शेल्बीने निवडलेली मोटार इंग्लंडमधील सरे परगण्यात टेम्स डिटन येथे असलेल्या 'एसी कार्स' या जुन्या कारखान्याची होती. तिचे नाव 'एस'. १९५३ साली ती प्रथम लोकांपुढे आली. तिचा सांगाडा जॉन टोजेरो याच्या कल्पनेनुसार बनविलेला होता. सुमारे तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर व्यासाच्या दोन पोलादी नळ्या समांतर ठेवून त्या आडव्या नळ्यांनी जोडलेल्या होत्या. पुढे एक व मागे एक असे आडवे बसविलेले पाट्यांचे संच चारही चाकांना स्वतंत्रपणे वरखाली होऊ देत. मोटार हलकी व चपळ होती.

तिचे पहिले इंजिन सहा सिलिंडरांचे, दोन लिटर क्षमतेचे होते. त्याचा मूळ आराखडा पहिल्या महायुद्धानंतर लगेचच तयार झालेला होता. पुढे १९५६ पासून ब्रिस्टल कंपनीचे १,९७१ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळू लागले. जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीच्या युद्धपूर्व इंजिनावरून ते सिद्ध केलेले होते आणि त्याच्या अधिक सुधारलेल्या प्रकारात सुमारे १२८ अश्वशक्ती निर्माण होत असे. १९६१ मध्ये ब्रिस्टलने ही इंजिने बनविणे थांबविले. त्यामुळे उत्तम सांगाडा हाती असूनही एसी कारखान्यास इंजिनाची चणचण भासू लागली.

शेल्बीने १९५९ साली रॉय सॅल्व्हाडोरी याच्या जोडीने ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. परंतु हृदयविकारामुळे १९६० नंतर त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. एसीची अडचण आणि स्वतःची आकांक्षा यांची सांगड घालून सप्टेंबर १९६१ मध्ये त्याने कारखान्याला पत्र पाठविले. आठ सिलिंडरांचे अमेरिकन इंजिन मावेल अशी मोटार बनवून द्याल काय, असा त्या पत्राचा आशय होता. योग्य इंजिन मिळाल्यास आपली तयारी आहे, असे उत्तर आले. ते इंजिन फोर्ड कंपनीकडून मिळाले. ते पातळ भिंतींच्या ओतीव लोखंडाचे असल्याने त्याच्या आकारमानाच्या मानाने हलके होते. प्रथम ३·६ लिटर, मग ४·२ लिटर आणि अखेरीस ४·७ लिटर, असे त्याचे तीन प्रकार एकामागून एक या मोटारीत आले.

अश्वशक्ती आणि पीळ

इंजिनाचे सामर्थ्य सांगताना लोक अश्वशक्तीचा आकडा देतात. परंतु मोटारीचा एखादा दंड तुटेल की टिकेल, हे अश्वशक्तीवरून ठरत नाही; ते टॉर्कवरून ठरते. ज्या जोराने एखादी वस्तू आसाभोवती फिरविली जाते त्या जोरास टॉर्क म्हणतात. मराठीत त्यास 'पीळ' म्हणावयास हरकत नाही, कारण दंडाच्या दृष्टीने तो खरोखरच पीळ असतो. पान्याने नट सोडविताना हाताचा जोर आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे नटावर पडणारा पीळ होय. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर एक न्यूटन जोर लावला असता एक न्यूटन-मीटर पीळ उत्पन्न होतो. अश्वशक्ती ही या पिळाला फिरण्याच्या वेगाने गुणून मिळते. म्हणून लहान इंजिनही वेगाने फिरून पुष्कळ अश्वशक्ती देऊ शकते. परंतु त्याचा पीळ मात्र बेताचाच राहतो.

ब्रिस्टलच्या इंजिनाचा कमाल पीळ सुमारे १६५ न्यूटन-मीटर होता. फोर्डच्या ४·७ लिटर इंजिनाची शक्ती २७१ अश्वशक्ती व कमाल पीळ सुमारे ४२३ न्यूटन-मीटर होता. म्हणजे अश्वशक्ती दुपटीहून किंचित अधिक झाली, तर पीळ अडीच पटींहून अधिक झाला. शिवाय फोर्डचा हा कमाल पीळ मिनिटास ३,४०० फेऱ्यांनाच मिळत असे. पूर्वी इंजिनाला भरपूर वेग दिल्यावरच जो जोर लाभे, त्याच्या कितीतरी पट जोर आता पायाखालची कळ थोडी दाबताच हजर होऊ लागला.

गुणाकाराची साखळी

इंजिनापासून रस्त्यापर्यंत पिळाचा मार्ग पुढीलप्रमाणे असतो : प्रचक्र, क्लच, गिअरपेटी, प्रोपेलर शाफ्ट, क्राउन व पिनियन ही दंतचक्रे, डिफरन्शियल, दोन अर्धे आस, चाकांचे तुंबे, चाके आणि शेवटी टायर. या साखळीचा विशेष असा की तिच्यातून जाताना पीळ तेवढाच राहत नाही. तो वाढत जातो. दंतचक्रांच्या योगाने फेरे कमी होतात आणि ज्या प्रमाणात ते कमी होतात त्याच प्रमाणात पीळ वाढतो.

कोब्रामध्ये बोर्ग-वॉर्नर कंपनीची चार गतींची गिअरपेटी घातली होती. तिच्या पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २·३६ आणि मागील क्राउन-पिनियनचे प्रमाण ३·५४ धरले, तर हिशेब असा होतो : इंजिनाचा ४२३ न्यूटन-मीटर पीळ गिअरपेटीतून बाहेर पडताना जवळजवळ १,००० होतो, क्राउन-पिनियन पार केल्यावर तो ३,५०० च्या घरात जातो. घर्षणात थोडा भाग खर्ची पडतो, तो येथे सोडून दिला आहे. इंजिनापाशी वाढलेला एक न्यूटन-मीटर मागील आसापाशी आठ न्यूटन-मीटरांहून अधिक होऊन उभा राहतो. इंजिन बदलणाराचे लक्ष मोटारीच्या पुढच्या भागाकडे असते. पण संकट मागच्या भागात वाट पाहत असते, ते या गुणाकारामुळे.

आता या साखळीतील एकेक दुवा पाहणे उचित होईल.

क्लच व गिअरपेटी

क्लच हा घर्षणाने चालणारा दुवा होय. त्याची वहनक्षमता चार गोष्टींवर अवलंबून असते : घर्षण करणाऱ्या पृष्ठांची संख्या, त्यांचा घर्षणांक, स्प्रिंगांचा दाब आणि तबकडीची सरासरी त्रिज्या. या चौघांचा गुणाकार इंजिनाच्या कमाल पिळाहून कमी पडला, तर क्लच घसरतो, घसरण्याने तापतो, आणि तापल्याने घर्षण आणखी कमी होऊन तो लवकरच जळून जातो. स्प्रिंगांचा दाब वाढविणे हा सर्वांत सोपा उपाय. पण त्यामुळे पायाची कळ जड होते आणि शहराच्या गर्दीत चालकाचा पाय भरून येतो. तबकडी मोठी करणे हा अधिक चांगला उपाय होय. मात्र तिच्यासाठी प्रचक्र आणि क्लचचे आवरण दोन्ही मोठे लागतात, आणि जुन्या मोटारीत जागेचीच वाण असते.

गिअरपेटीतील दातांवर दुहेरी आपत्ती येते. दात मुळाशी वाकून तुटू शकतो आणि दाताचे पृष्ठ दाबाने खड्डे पडून झिजू शकते. दातांचा परस्परांवरील रेटा दोन्ही दंडांना एकमेकांपासून दूर लोटतो. पेटी व दंड पुरेसे ताठर नसतील, तर दात एकमेकांत पुरते बसत नाहीत आणि मग टोकाशीच भार घेऊन तुटतात. धारव्यांचा, म्हणजे बेअरिंगांचा हिशेब तर फारच कठोर आहे. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होत नाही, ते एकअष्टमांश होते. म्हणून जुनी गिअरपेटी नव्या इंजिनाबरोबर पहिले काही महिने बिनतक्रार चालली, एवढ्यावरून ती पुरेशी आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. धातू पहिल्याच दिवशी तुटत नाही. तो थकत जातो. खाचेच्या मुळाशी केसाएवढी चीर पडते, ती प्रत्येक वेळी गाडी सुरू करताना किंचित वाढते, आणि एके दिवशी कोणतेही विशेष कारण न घडता दंड दुभंगतो.

शेल्बीने जुन्या गिअरपेटीची डागडुजी करण्याचा विचार सोडून मोठ्या अमेरिकन इंजिनांसाठीच बनविलेली पेटी घेतली, ती या दृष्टीने योग्यच होती.

प्रोपेलर शाफ्ट

गिअरपेटीपासून मागील डिफरन्शियलपर्यंत पीळ नेणाऱ्या दंडास प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. पिळास तोंड देण्याची भरीव दंडाची क्षमता त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २५ मिलिमीटर व्यासाचा दंड ३१·५ मिलिमीटर केला, तर व्यास केवळ सव्वापटीने वाढतो, परंतु क्षमता दुप्पट होते. थोडी जाडी पुष्कळ काम करते, हा निसर्गाने अभियंत्यावर केलेला उपकारच समजावा. प्रोपेलर शाफ्ट पोकळ नळीचा केला तर थोड्या वजनात तेवढेच बळ मिळते, कारण पिळाचा भार मुख्यतः बाहेरील थरांवर पडतो.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या दंडाच्या पुढील टोकाचा सांधा तुटला तर सुटलेले टोक रस्त्यावर आपटते. ते रस्त्यात रुतले तर धावती मोटार मागून उचलली जाऊ शकते. यासाठी शर्यतीच्या मोटारींत या दंडाभोवती पोलादी कडे बसवितात. एका लहान कड्याची ही किंमत चालकाच्या प्राणांच्या तुलनेने नगण्य आहे.

डिफरन्शियल : निर्णायक दुवा

१९६२ च्या जानेवारीत टेम्स डिटन येथील कारागिरांनी पहिल्या सांगाड्यावर जे फेरफार केले, त्यांतील सर्वांत महत्त्वाचा फेरफार इंजिनाच्या बाजूचा नव्हता. तो मागील डिफरन्शियलचा होता. 'एस' मोटारीतील जुना संच काढून त्या जागी सॅल्सबरी कंपनीचा अधिक भक्कम संच बसविण्यात आला. याच जातीचा संच जॅग्वार कंपनीच्या 'ई-टाइप' मोटारीत वापरला जात होता. ती मोटार १९६१ मध्ये बाजारात आली होती आणि तिचे ३·८ लिटरचे इंजिन २६५ अश्वशक्तीचे होते. तात्पर्य, एसीच्या अभियंत्यांनी नवा दुवा कल्पनेने रचला नाही. जवळजवळ तेवढाच भार जो दुसरीकडे वाहत होता तोच त्यांनी आणला. यंत्ररचनेत असे उसने घेणे हे कमीपणाचे नसून शहाणपणाचे लक्षण होय.

क्राउन-पिनियनचे प्रमाण निवडण्यातही विचार लागतो. दुबळ्या इंजिनाला फेरे पुष्कळ कमी करून पीळ वाढवून घ्यावा लागतो. बलवान इंजिनाला तशी निकड नसते. म्हणून प्रमाण लहान ठेवता येते. ३·५४ हे प्रमाण घेतले असता मिनिटास ३,००० फेऱ्यांना मोटार ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने जाते. याने इंजिन निवांत राहते, इंधन वाचते आणि मागील आसावरील पीळही मर्यादेत राहतो. नव्या इंजिनामागे जुनेच मोठे प्रमाण ठेवणे म्हणजे साखळीवर नाहक दुहेरी ओझे लादणे होय.

डिफरन्शियलचे मूळ काम वळणावर दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देण्याचे असते. साधा संच दोन्ही बाजूंना जवळजवळ समान पीळ देतो; म्हणून एक चाक वाळूवर अथवा ओल्या जागेवर घसरू लागले की दुसऱ्यासही तेवढाच क्षुल्लक पीळ मिळतो आणि इंजिनाचे सारे बळ घसरणाऱ्या चाकाच्या भिरभिरण्यात वाया जाते. यासाठी बलवान मोटारींत घसरणीस मर्यादा घालणारा डिफरन्शियल वापरतात. त्यातील घर्षण-तबकड्या दोन्ही आसांना काही अंशी एकत्र बांधून ठेवतात.

टायर हा फ्यूज

हिशेबाने मागील आसापाशी ३,५०० न्यूटन-मीटर पीळ येतो असे वर म्हटले आहे. परंतु तो सर्वच्या सर्व रस्त्यास लागतो काय? समजा, वेग घेताना मागील चाकांवर मिळून ६०० किलोग्रॅम भार आहे, टायर व रस्ता यांचा घर्षणांक ०·९ आहे आणि चाकाची त्रिज्या ०·३२ मीटर आहे. मग टायर न घसरता जास्तीत जास्त सुमारे १,७०० न्यूटन-मीटर पीळ रस्त्यास देऊ शकतात. त्याहून अधिक आला तर चाके जागच्या जागी फिरतात. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिन जेवढे देऊ शकते त्याच्या निम्मेच रस्ता घेऊ शकतो.

विजेच्या मंडलात फ्यूज जसा वितळून बाकीची उपकरणे वाचवितो, तसेच टायर घसरून आसांना वाचवितात. इंजिन कितीही मोठे असले तरी टायरांच्या पकडीपलीकडे पीळ फार काळ साठू शकत नाही. यावरून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. जुन्या अरुंद टायरांवर वर्षानुवर्षे टिकलेले अर्धे आस नवे, रुंद व चिकट टायर बसविताच तुटू लागतात. घर्षणांक ०·९ वरून १·३ झाला, तर वरील मर्यादा १,७०० वरून जवळजवळ २,४५० वर जाते. इंजिनात काडीचाही फरक न करता आसांवरील भार दीडपटीजवळ पोहोचतो. म्हणून मोठे इंजिन घालणाराने प्रथम कोणते टायर वापरावयाचे हे ठरवावे. अर्ध्या आसांची जाडी त्यावरून ठरते.

फ्यूजच्या या दाखल्यास एक अपवाद आहे. इंजिन भरवेगात ठेवून क्लच एकदम सोडला, तर जड प्रचक्रात साठलेली गतिजन्य ऊर्जा क्षणार्धात साखळीत उतरते. तो धक्का इंजिनाच्या कमाल पिळाहूनही मोठा असू शकतो. पुष्कळसे आस व पिनियन प्रवासात न तुटता शर्यतीच्या प्रारंभरेषेवरच तुटतात, ते या कारणाने. आणि ज्या मोटारींत चाक अर्ध्या आसाच्याच टोकावर बसविलेले असते, त्यांत आस चाकाजवळ तुटला तर चाकच सुटून जाऊ शकते. अशा ठिकाणी आसाची तपासणी ही केवळ दुरुस्तीची बाब राहत नाही.

क्रियेस प्रतिक्रिया

न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार प्रत्येक क्रियेस तेवढीच प्रतिक्रिया असते. आस चाकांना पुढच्या दिशेने फिरवितो तेव्हा डिफरन्शियलचे आवरण उलट दिशेने फिरू पाहते. त्याला कोणी तरी धरून ठेवावे लागते. 'एस' मोटारीत डिफरन्शियल सांगाड्यास जखडलेला असल्याने ही प्रतिक्रिया थेट सांगाडा सोसतो.

याहून निराळी परिस्थिती 'सनबीम टायगर' या मोटारीत दिसून येते. कोब्राच्या यशाने प्रेरित होऊन ब्रिटनमधील रूट्स उद्योगसमूहाने आपल्या 'सनबीम अल्पाइन' या चार सिलिंडरांच्या छोट्या मोटारीत फोर्डचेच ४·२ लिटर इंजिन घातले आणि १९६४ ते १९६७ या काळात ती टायगर या नावाने विकली. इंजिनापुढील जागा इतकी अपुरी होती की सुकाणूची जुनी यंत्रणा काढून दंतपट्टीची नवी यंत्रणा बसवावी लागली आणि एक स्पार्क प्लग काढण्यासाठी बैठकीच्या बाजूने पडद्यास भोक ठेवावे लागले. तिचा मागील आस मात्र एकसंध होता आणि तो लांबट पाट्यांवर टांगलेला होता. अशा रचनेत आसाचे आवरण उलट फिरू लागले की पाटे नागमोडी वाकतात. एका मर्यादेनंतर चाकांची पकड सुटते, पाटे उसळून सरळ होतात, पकड पुन्हा येते, पाटे पुन्हा वाकतात. हा खेळ सेकंदास कित्येकदा चालून मागील चाके रस्त्यावर नाचू लागतात. रूट्सच्या अभियंत्यांनी आसाचे आडवे सरकणे रोखण्यासाठी एक आडवा दांडा जोडला. पुढे अनेक मालकांनी पाट्यांचे वळणे रोखण्यासाठी लांबीच्या दिशेनेही दांडे जोडले. बळ वाढविल्यावर ते वाहून नेणाऱ्या दंडांइतकेच त्याची प्रतिक्रिया झेलणारे आधारही वाढवावे लागतात, हा धडा टायगरने दिला.

साखळीच्या पलीकडे

पीळ रस्त्यापर्यंत पोहोचला की मोटार वेग घेते आणि मग नवे प्रश्न उद्भवतात. धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी १६० किलोमीटरऐवजी २२० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार थांबविताना ब्रेकांना जवळजवळ १·९ पट उष्णता गिळावी लागते. कोब्राच्या चारही चाकांना तबकडीचे ब्रेक होते. पहिल्या नमुन्यात मागील तबकड्या चाकांजवळ न ठेवता डिफरन्शियलला चिकटून ठेवल्या होत्या, कारण त्यायोगे चाकांबरोबर उसळणारे वजन कमी होते. पुढील उत्पादनात खर्च वाचविण्यासाठी त्या चाकांपाशी नेण्यात आल्या.

सुकाणूचीही तीच कथा. रुंद इंजिनास जागा व्हावी म्हणून पहिल्या मोटारींत सुकाणूची पेटी बाहेरच्या बाजूस सरकवली होती. हा तात्पुरता इलाज होता. एसीचे मुख्य अभियंते अॅलन टर्नर यांनी मोटारीच्या पुढील भागाची पुनर्रचना केली आणि १९६३ च्या आरंभापासून दंतपट्टीचे अचूक सुकाणू आले.

यानंतर जे घडले ते अत्यंत बोधप्रद आहे. शर्यतींत प्रतिस्पर्धी पुढे जाऊ लागल्याने शेल्बीच्या मंडळींनी त्याच सांगाड्यात ६·४ लिटरचे याहून अवजड इंजिन घालून पाहिले. केन माइल्स हा त्यांचा कसलेला चालक. त्याने ती मोटार चालविली आणि ती जवळजवळ चालविण्याजोगीच नाही असा निर्वाळा दिला. येथे क्लच, गिअरपेटी वा आस कमी पडले नव्हते. कमी पडला होता तो सांगाडा आणि चाके टांगणारे पाटे. आता दुरुस्तीला वाव राहिला नव्हता. फोर्डच्या सहकार्याने नवा सांगाडा आखण्यात आला. त्याच्या मुख्य नळ्या चार इंचांच्या, म्हणजे १०२ मिलिमीटरांच्या होत्या आणि पाट्यांच्या जागी चारही चाकांना गुंडाळी स्प्रिंगा होत्या. नळीच्या पत्र्याची जाडी तीच धरली, तरी एवढ्या रुंदीने तिची पिळास विरोध करण्याची ताठरता सुमारे २·४ पट होते. या सांगाड्यावर १९६५ च्या जानेवारीपासून ७ लिटर इंजिनाच्या, ४२५ अश्वशक्तीच्या कोब्राचे उत्पादन सुरू झाले. ज्या मोटारीत फक्त इंजिन बदलावयाचे होते, तिचे तीन वर्षांत जवळजवळ सर्वच बदलले होते.

विचाराची दिशा

जुनी मोटार अधिक बलवान करू इच्छिणाऱ्याने यावरून कोणता क्रम घ्यावा? प्रथम नव्या इंजिनाचा कमाल पीळ पाहावा. अश्वशक्तीच्या आकड्याने भुलू नये. त्यास पहिल्या गिअरच्या व क्राउन-पिनियनच्या प्रमाणांनी गुणावे. मग टायरांची पकड हिशेबात घ्यावी. या दोन आकड्यांपैकी जो लहान, तो अर्ध्या आसांना वाहावा लागेल असे समजून वर धक्क्यासाठी भरपूर सूट ठेवावी. नंतर मागून पुढे येत डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट, गिअरपेटी व क्लच यांची क्षमता तपासावी. त्यानंतर प्रतिक्रिया झेलणारे आधार, ब्रेक, सुकाणू, इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर आणि सांगाडा यांचा विचार करावा. इंजिन प्रत्यक्ष बसविण्याचे काम सर्वांत शेवटी यावे. साखळीतील एकच दुवा बळकट केल्याने साखळी बळकट होत नाही. तुटण्याची जागा तेवढी पुढच्या दुव्याकडे सरकते.

भारतातील वाचकांनी याबरोबर आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरबदल मालकाला करता येत नाही. तसेच २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांनाच 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. म्हणजे इंजिनाच्या मोहापायी मोटारीचे मूळपण गेले, तर हा मानही जातो. काढलेला प्रत्येक जुना भाग जपून ठेवावा आणि सांगाड्यास करवत लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. कापलेले पोलाद पुन्हा पूर्ववत होत नाही.

आठ तासांत इंजिन लाभलेली ती पहिली कोब्रा अखेरपर्यंत शेल्बीपाशीच राहिली. २०१२ साली त्याचे निधन झाले आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील माँटरे येथील लिलावात तिला १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर किंमत आली. तिच्या मागील भागी, चाकांच्या मधोमध, दुरून दिसतही नाही अशा जागी एक डिफरन्शियल असतो. मोटारीचे कौतुक करणारे लोक इंजिनाचे झाकण उघडून पाहतात. परंतु त्या इंजिनाचे बळ रस्त्यास लागू शकले ते टेम्स डिटनच्या कारागिरांनी मागील बाजूचा विचार आधी केला म्हणून.